डावी भुवई, तीन टाके

माझी नणंद गेली छत्तीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे दुरुस्त करते. काउंटरवर येणारी माणसं तिला टचिंगवाल्या बाई म्हणतात, मी वन्सं म्हणते. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे 'अहो वन्सं' माझ्या लग्नानंतर सहा महिन्यांतच गळून पडलं आणि 'अगं वन्सं' राहिलं. तिने लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की म्हणते, "इतके चेहरे जवळून बघितल्यावर एकच कसा निवडायचा?" उत्तर हजरजबाबी आहे आणि साफ खोटं आहे. खरं उत्तर तिचं तिच्यापाशी. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

ती कामाला लागली तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून दिवा लावायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं एकेक ठिपका देत भरून काढायची. ज्या म्हाताऱ्या कारागिराने तिला हे शिकवलं, त्याची एक पद्धत होती. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही, दोष लिहायचा. 'हनुवटी, कापलेली.' 'उजवा डोळा, तिरळा.' 'टक्कल, झाकायचं.' नावाची माणसं गावात दहा असतात, दोष मात्र ज्याचा त्याचा, असं त्याचं म्हणणं. वन्संने ती पद्धत उचलली आणि पुढे कॉम्प्युटर आला तरी सोडली नाही. तिच्या फायलींची नावं वाचली तर एखाद्या इस्पितळात शिरल्यासारखं वाटतं.

दुसरी तिची स्वतःची पद्धत. काम झालं, फोटो हातात दिला, की मागे काही ठेवायचं नाही. बाकीचे स्टुडिओ निगेटिव्ह जपून ठेवत, म्हणजे गिऱ्हाईक झक मारत परत येतं. ही पाकिटासकट देऊन टाकायची. मालक सुरुवातीला कुरकुरला, मग त्याच्या लक्षात आलं की लोक याच कारणासाठी इथे येतात. विशेषतः बायका.

मालक मनाने चांगला, डोक्याने हट्टी. वीस वर्षांपूर्वी शेजारचं वह्यांचं दुकान रात्रीतून जळून खाक झालं, वायरीत काहीतरी झालं म्हणून. तेव्हापासून या माणसाने एक नेम धरला. आठ वाजायला पाच मिनिटं असताना शटर अर्धं ओढायचं आणि मेन स्विच खाडकन खाली. आत कोण काय करतंय, मशीन चालू आहे का, बघायचं नाही. वन्सं कितीदा म्हणाली, "अहो, निदान हाक तरी मारा." तो म्हणायचा, "आग हाक मारून येते का?" वन्संला दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करायची सवय होती, म्हणून नुकसान काही होत नसे. निदान दिसत तरी नसे.

आणि तिसरा माणूस इंजिनियर. आमच्या त्या बाजाराच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानापासून पोलिसचौकीपर्यंत ज्याच्याकडे म्हणून कॉम्प्युटर आहे, तो हाच दुरुस्त करतो. पस्तिशीचा, नीट भांग पाडलेला, आवाज कधी चढत नाही. म्हातारी माणसं तर त्याच्यावर फिदा. एकदा मालकाने एका लग्नाचा अख्खा अल्बम चुकून पुसला आणि डोक्याला हात लावून बसला. इंजिनियरने तासाभरात सगळं वऱ्हाड परत आणून दिलं. "काका, मशीनमध्ये पुसलं म्हणजे जात नाही," तो म्हणाला. "फक्त त्यावरची चिठ्ठी फाटते. माल तिथेच असतो. तो परत काढायचा, हाच माझा खरा धंदा." मालकाने हे वाक्य पुढे महिनाभर येईल त्याला ऐकवलं.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे मध्येच थांबून समजावत बसायचा मला कंटाळा आहे.

एका गुरुवारी दुपारी एक तिशीतली बाई आली. घरी बसून कपडे उसवून लहानमोठे करून देणारी, म्हणून तिला आपण शिवणवाली म्हणू. डोक्यावरून रुमाल पुढे ओढलेला. मालक जेवायला गेला होता.

"फोटो काढायचेत," ती म्हणाली. "दोन तऱ्हेचे."

"बस. पासपोर्टचा?"

"एक तसला. आणि एक, आहे तसा."

तिने रुमाल मागे केला. डाव्या भुवईत तीन टाके, काळा दोरा अजून तसाच, आणि डोळ्याखाली हिरवट पिवळं.

"हा असाच पाहिजे. वकीलबाई म्हणाल्या, यात कोणाला हात लावू देऊ नका. आणि दुसऱ्यात यातलं काही दिसायला नको. नव्या कामावर ओळखपत्रासाठी द्यायचाय." तिने पिशवीतून एक छापील पत्रक काढलं. शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळाचा कपडे धुण्याचा कारखाना, तिथल्या बायका रांगेत उभ्या. "फोटो गणवेशातला मागितलाय आणि गणवेश मिळणार रुजू झाल्यावर. मग काय करू?"

"ही कॉलर तुझ्या गळ्याला लावून देते," वन्संने पत्रक दिव्याखाली धरलं. निळी कॉलर, पांढरी कड, खिशावर कारखान्याचं नाव. "उद्या दुपारी ये."

ती उठेना. "बाई, हे तुमच्या मशीनमध्ये राहतं का?"

"छत्तीस वर्षांत कोणाचं काही ठेवलं नाही मी. काम झालं की पुसते."

"नक्की पुसा."

"अगं पुसते म्हटलं ना. एवढं काय त्यात?"

"तुमचं मशीन माझा नवरा दुरुस्त करतो."

वन्सं म्हणते, त्या क्षणी तिला त्या माणसाचा नीट पाडलेला भांग आठवला, दुसरं काही सुचलंच नाही. मग ती चिडली. चिडणं हा आमच्या घराण्याचा गुण. "मग इथे कशाला तडमडलीस?"

"बाकीच्या दोन्ही स्टुडिओंत तो रोज दुपारी जाऊन बसतो. इथे बोलावल्याशिवाय येत नाही."

"पोलिसांत गेलीस?"

"गेले होते. त्यांचंही मशीन तोच दुरुस्त करतो. मी घरी पोचायच्या आत त्याला कळलं होतं." तिने रुमाल पुढे ओढला. "शनिवारी मी जाणार. वकीलबाई म्हणाल्या, केस उभी राहीपर्यंत तू कुठे आहेस ते त्याला कळता कामा नये. कळलं तर केस नाही आणि मीही नाही."

"माझा शब्द," वन्सं म्हणाली. शब्द द्यायला काय लागतं? पुसणं तर तिच्या हाताला लागलेलं.

त्या संध्याकाळी ती त्याच चित्रावर बसली होती. भुवईतले दोन टाके गेले होते, तिसऱ्यावर काम चालू होतं, कॉलर लावून झाली होती. आठला पाच कमी. खाडकन अंधार.

शुक्रवारी सकाळी उरलेलं काम केलं, छापलं, दुपारी दिलं, दोन्ही फायली पुसल्या, पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. शिवणवाली गेली. इंजिनियर रस्त्यावर सगळ्यांना सांगत होता, बायको आईकडे गेलीय, हवापालट.

आठवडा गेला. शनिवारी दुपारी वन्संच्या मशीनने हात टेकले. डिस्क भरली आहे, आता काही होणार नाही, अशी पाटी आली. मालकाने पाटी वाचली आणि तिच्यादेखतच फोन लावला. "इंजिनियर, सोमवारी सकाळी दहाला ये. आमचं यंत्र जेवून जेवून फुटायला आलंय."

जेवताना वन्सं मला म्हणाली, "वहिनी, मी तर सगळं पुसते. मग भरलंय कशाने?"

मी आमटी वाढत होते. सहज बोलून गेले, "पुसलेलं गेलंच नसेल."

तिने घास खाली ठेवला आणि शिवणवालीची सगळी हकिगत मला तेव्हा सांगितली. आठ दिवस पोटात ठेवली होती. आमच्यात लपवालपवी नसते, पण शब्द दिलेला तो दिलेला.

रविवारी दुकानाची सुट्टी. किल्ली वन्संकडे असते, कारण सकाळी तीच उघडते. आम्ही दोघी दहाला जाऊन आत बसलो, शटर आतून लावून. पाटीवरचं इंग्रजी मी वाचायचं आणि मशीन तिने चालवायचं, अशी वाटणी. ती घाबरलेली होती आणि मी घाबरलेल्या माणसाला धीर देण्यात फारशी हुशार नाही. मी म्हटलं, "रडायचं असेल तर बारानंतर रड. आधी सगळ्यात मोठं काय आहे ते शोध."

मोठ्यापासून लहान अशी यादी लावली आणि सापडलं. ज्या फोल्डरमध्ये तिने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तिथे फायलींची चळत. नावाच्या सुरुवातीला एक वळवळणारी रेघ, पुढे नुसते आकडे. एकेक फाईल एवढी मोठी, की तिचे चाळीस फोटो त्यात मावावेत. संख्या चारशे अकरा.

"ह्या मी नाही केल्या," वन्सं म्हणाली.

"तू केल्यास असं कोण म्हणतंय? तारखा बघ."

तारखा रोजच्या, रविवार वगळून. जुन्यातली जुनी दीड वर्षापूर्वीची, तेव्हा इंजिनियरने नवी डिस्क बसवली होती. आणि तारखेशेजारच्या रकान्यातली वेळ बघत मी खाली खाली गेले, तशी माझी मलाच लाज वाटली की हे सुचायला एवढा वेळ लागावा. सात पंचावन्न. सात चोपन्न. सात पंचावन्न. सात छप्पन्न.

"वन्सं, आठला पाच कमी असताना इथे काय होतं?"

तिने मान वर करून मेन स्विचकडे बघितलं.

मग सगळा उलगडा झाला. चित्र दुरुस्त करायचा प्रोग्रॅम काम करताना स्वतःसाठी एक कच्ची प्रत बाजूला मांडून ठेवतो. आपण त्याला रीतसर बंद केलं, की तो आपला पसारा आवरून जातो. पण रोज संध्याकाळी मालक त्याचा श्वासच तोडत होता. आवरायला वेळ मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी नवी प्रत, आणि कालची तिथेच, बेवारस.

"पण आत काय असतं त्यात?" मी विचारलं. "नुसता कचरा असेल."

वन्संने एका फाईलची नक्कल केली, नावाचं शेपूट बदलून तिला नेहमीच्या चित्राचं शेपूट लावलं आणि उघडली. उघडली नाही. दुसरी, तीही नाही. तिसरी उघडली आणि गेल्या वर्षीचा कोणी नवरामुलगा अर्ध्या दातांनिशी आमच्याकडे बघून हसला. पुढचे दात तिने दुसऱ्या दिवशी भरले असणार.

मग तिने तो गुरुवार शोधला. मी म्हटलं, उघडू नकोस, सरळ पुस. तिने ऐकलं नाही. चित्र वरून खाली हळूहळू उमटत गेलं. रुमाल नसलेले केस. भुवईत एकच टाका. डोळ्याखालचं हिरवं अजून तसंच. निळी कॉलर, पांढरी कड, आणि खिशावर कारखान्याचं नाव, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. तिचा मार आणि तिचा पत्ता एकाच चित्रात. असा फोटो त्या बाईनेही मागितला नव्हता.

वन्सं उठून मोरीत गेली आणि तोंड धुऊन आली.

चारशे अकरा पुसल्या. मग मी म्हटलं, आणखी कुठे? तर दुसऱ्या कप्प्यात आणखी साठ निघाल्या, आणि जिथे ती रोजचे फोटो ठेवते त्या फोल्डरात, अगदी डोळ्यांसमोर, वीसेक. इतके दिवस तिला त्या मशीनच्या काहीतरी वाटत होत्या. सगळ्या पुसल्या, टोपली रिकामी केली. डिस्क हलकी झाली. मला वाटलं, चला, जेवायला जाऊ.

"वहिनी, अल्बम आठवतो ना? चिठ्ठी फाटते, माल राहतो."

मला नव्हता आठवला. तिने खणातून आपली जुनी शिसपेन्सिल काढली. मग म्हणाली, "निगेटिव्हवर पुसणं नसतंच. तिथे भरायचं असतं. डाग जातच नाही, त्याच्यावर आपण आपलं शिसं चढवतो." कॅमेरा घेऊन तिने पुढच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला, मशीनमध्ये घातला आणि त्याच्या नकला करायला लागली. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दुपारभर आम्ही त्या डिस्कमध्ये भिंत भरत होतो. चारच्या सुमाराला तीच पाटी परत आली, डिस्क भरली आहे. मग सगळ्या भिंती पुसल्या. मी तिची पाठ थोपटली. खरं सांगते, मला वाटलं, आम्ही जिंकलो.

सोमवारी दहाला तो आला. पुढचं मी वन्संकडून ऐकलेलं, पण तिची नजर टिपकागदासारखी आहे, एकदा दिसलं की उतरलंच.

"मावशी, डिस्क तर रिकामी आहे," तो तिच्या खुर्चीत बसून म्हणाला.

"काल साफ केली मी."

"रविवारी?"

"एरवी वेळ कुठे मिळतो?" तिने त्याला मेन स्विचचा सगळा शोध सांगितला. खरंच होतं ते, सांगायला अडचण नव्हती. तो मनापासून हसला. "काका," त्याने बाहेर हाक मारली, "मावशींनी माझ्या पोटावर पाय दिलाय. आणि सगळा घोळ तुमच्या स्विचचा आहे."

"माझ्या स्विचमुळे वीस वर्षं दुकान उभं आहे," मालक तिथूनच ओरडला.

त्याने पुसलेलं परत काढणारी आपली चकती मशीनमध्ये घातली. म्हणाला, आलोय तर तपासून घेतो. पडद्यावर एकेक चौकोन उमटायला लागला. भिंत. भिंत. परत भिंत. तो बोटाने खाली सरकवत राहिला. हसणं चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

"भिंतीचे फोटो काढता, मावशी?"

"कॅमेरा तपासत होते."

"पाच हजार वेळा?"

त्याने चकती काढून घेतली. मग चित्रांचा प्रोग्रॅम उघडला आणि उघडल्याबरोबर डाव्या हाताला जी यादी येते, अलीकडे उघडलेल्या फायलींची, तिच्यावर येऊन थांबला. फायली गेल्या होत्या. नावं होती. ती यादी वन्सं रोज सकाळी बघते, घराच्या दारावरची पाटी बघावी तशी, म्हणजे बघतच नाही. आणि मी दिवसभर शेजारी बसून मलाही ती दिसली नव्हती.

त्याने मोठ्याने वाचलं. "डावी भुवई, तीन टाके."

"बऱ्याच लोकांना असतात."

"असतात ना." आवाज अगदी मऊ. "डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, दोन पुरतील. मी शेजारीच उभा होतो. मी म्हटलं, तीन घाला, व्रण राहायला नको." त्याने पुढची ओळ वाचली. "निळी कॉलर, पांढरी कड. हे कोणाचं?"

"दुसऱ्या कोणाचं तरी."

"बरं."

त्याने हत्यारं पिशवीत भरली, चहा नको म्हणाला. दारात वळून एवढंच बोलला, "निळी कॉलर, पांढरी कड. गावात असे गणवेश असून असून किती असणार मावशी? संध्याकाळपर्यंत होईल."

वन्संने फोन उचलला आणि परत ठेवला. शिवणवालीने आपला फोन कधीच फेकून दिला होता. कारखान्यात फोन करायचा तर तो कचेरीत वाजणार, दहा कानांवरून जाणार. वकीलबाईंचं नाव वन्संने विचारलं नव्हतं. न विचारणं हीच तर तिची हुशारी. अकरा वाजता ती मालकाला म्हणाली, डोकं दुखतंय, घरी जाते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मालक बघत राहिला. "तुमचंही दुखतं?"

बसला दीड तास लागतो. ती शेवटच्या थांब्यावर उतरून फाटकातून आत गेली. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, चाकांच्या पिंजऱ्यांतून चादरींचे ढीग. दोघी दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून चादरी घडी घालत होत्या. फाटक्या चादरी शिवायच्या खोलीत शिवणवाली मशीनवर होती. निळ्या कॉलरीत. टाके निघाले होते.

वन्संला बघून ती उभीच राहिली. काही सांगावं लागलं नाही.

"किती वेळ आहे?"

"संध्याकाळपर्यंत म्हणाला."

"त्याला कारखान्याचं नाव माहीत आहे?"

"नाही. नुसती कॉलर. चूक माझी, मी—"

"ते राहू द्या आता," शिवणवाली म्हणाली. तिथली मुकादमीण, पन्नाशीची, हातात चादर तशीच धरून ऐकत होती. ती म्हणाली, "धुतलेल्या कपड्यांची गाडी मागच्या फाटकाने दहा मिनिटांत निघते. तीन इस्पितळांना जाते. माझा भाऊ चालवतो. तिसऱ्याच्या इथे माझी मावसबहीण—"

वन्संने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मला सांगू नका. माझ्यादेखत एक अक्षर बोलू नका. माझ्यात काही ठेवू नका."

शिवणवालीने गणवेश तिथेच उतरवला, आतल्या साध्या कपड्यांवर कोणाची तरी शाल घेतली. जाताना वन्संच्या पाया वगैरे पडली नाही, बरं केलं. फक्त म्हणाली, "फोटो छान आला होता, बाई." गाडी गेली. वन्सं मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, गाडी फाटकातून डावीकडे वळली की उजवीकडे, तेही दिसू नये म्हणून. वीस मिनिटं तशीच.

मग ती पुढच्या फाटकाने बाहेर आली. तिथे स्कूटर लावलेली आणि तिच्याशेजारी तो, हेल्मेट हातात, पहारेकऱ्याशी हसून बोलत. तिला बघून पुढे आला.

"बस फार हळू चालवतात हो, मावशी. मला दोनदा थांबावं लागलं, दुसऱ्यांदा तर बस निसटलीच."

तिला समजायला क्षणभर लागला.

"कॉलरीवरून मला काय कळणार होतं? गावात निम्म्या गणवेशांना निळी कॉलर असते," तो म्हणाला. "पण म्हटलं, मावशींना नक्की माहीत असेल."

एवढं बोलून तो आत गेला. पहारेकऱ्याने अडवलं नाही. अशा माणसाला कोण अडवतं? पंधरा मिनिटांनी परत आला. हातात काही नव्हतं. मुकादमीण काय बोलली असेल ते मला आवडलं असतं ऐकायला.

"कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

तो तिच्या अगदी समोर उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. वन्संने जन्मभर लोकांचे चेहरे तसे बघितलेत, रंध्र न् रंध्र. आपल्याकडे कोणी तसं बघितलेलं तिला पहिल्यांदाच कळलं.

"खरं बोलताय," तो शेवटी म्हणाला. "खरंच माहीत नाही तुम्हाला."

"नाही."

"मग वेळ लागेल." रागावलासुद्धा नाही. "लागू दे. पण तिने तुम्हाला शोधलं, म्हणजे परत कधीतरी कळवेल. तुम्हालाच कळवेल."

बस यायला अर्धा तास होता. तो गेला नाही. थांब्यावर तिच्याशेजारी उभा राहून त्या वळवळत्या रेघेच्या फायलींबद्दल बोलत राहिला. प्रोग्रॅम आधी बंद करायचा, मग मशीन, मग काकांना स्विच करू द्यायचा. तरी एखादी राहतेच, म्हणून महिन्यातून एकदा तपासलं पाहिजे. मी येत जाईन. बस आली तेव्हा त्याने तिची पिशवी उचलून पायरीवर ठेवली.

याला आता अकरा महिने झाले. केस उभी राहिली का, आम्हाला माहीत नाही. विचारायचं तरी कोणाला? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो येतो. मालकाला मी दोनदा जाऊन स्पष्ट सांगितलं, हा माणूस दारात उभा करू नका. तो म्हणाला, "वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, पोरगा सोन्यासारखा आहे." येतो, वन्संच्या खुर्चीत बसतो, सगळे कोपरे धुंडाळतो, आणि जाताना हळू आवाजात विचारतो, "काही कळलं, मावशी?" ती नाही म्हणते. तो तिच्या तोंडाकडे बघतो आणि जातो.

"सोड ती नोकरी," मी म्हणते. "साठ उलटली. घरी बस."

"मी एकाएकी सोडली तर त्याला वाटेल, मला कळलं," ती म्हणते, आणि डबा घेऊन निघते.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या पत्त्यावर तिच्या नावाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पोस्टाचा शिक्का वाचण्याआधीच तिने ते न फोडता, डोळे मिटून, बारीक बारीक फाडलं आणि तुकडे मोरीत वाहून दिले. कदाचित ती कोणा जुन्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका असेल. कदाचित नसेल. येता सोमवार पहिला आहे.